आयसीयूच्या दाराबाहेर बसलेल्यांसाठी, व्हेंटिलेटरबद्दल

"सिस्टर, मशीन लावली म्हंजे आता काही राह्यलं नाही ना?" हा प्रश्न इतक्या वेळा ऐकलाय की समोरचा माणूस तोंड उघडायच्या आधीच मला कळतं तो काय विचारणार आहे. नागपुरात धंतोली-रामदासपेठेतल्या हॉस्पिटलांच्या पायऱ्यांवर रात्री एक चक्कर मारा, नाहीतर मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, आवारात पथारी टाकून बसलेल्यांमध्ये जाऊन बसा, गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर, वरून बालाघाट-छिंदवाड्याचेही लोक, सगळ्यांच्या मनात हेच. आणि दुसरा प्रश्न, जो डॉक्टरांना नाही विचारत पण आम्हाला बाजूला घेऊन दबक्या आवाजात विचारतात: "मेलेल्या माणसाले मशीनवर ठेवून बिल तं नाही वाढवून राह्यले ना हे?"

मी आयसीयूत स्टाफ नर्स आहे, बरीच वर्षं झाली, आधी सरकारीत होते आता प्रायव्हेटमध्ये, आणि हे दोन्ही प्रश्न मला अजिबात मूर्खपणाचे वाटत नाहीत. घाबरलेला माणूस हेच विचारणार. पण माझं एक म्हणणं आहे की व्हेंटिलेटर का लावला हे आधी विचारा. किती दिवस लागतील, वाचेल का, खर्च किती, या सगळ्याची दिशा त्या "का" वरून कळते, आणि गंमत म्हणजे नेमकं तेच कोणी विचारत नाही. सगळे म्हणतात "पेशंट व्हेंटिलेटरवर आहे", जणू तोच आजार.

आता बघा, गाडी पंक्चर झाली की आपण खाली जॅक लावतो, जॅक पंक्चर काढत नाही, तो फक्त गाडी उचलून धरतो तोवर तुम्ही चाक बदला. व्हेंटिलेटर तेवढंच करतो. चाक बदलायचं काम औषधाचं, शरीराचं आणि वेळेचं. म्हणून काय बिघडलंय त्यावर सगळं अवलंबून आहे.

पहिलं उदाहरण आपल्या विदर्भाचंच देते, मण्यार. पावसाळ्यात धानाच्या पट्ट्यातून दरवर्षी येतात असे पेशंट. रात्री खाली जमिनीवर झोपलेला माणूस, मण्यार चावून जाते तर कळतही नाही, ना सूज ना फार दुखणं, खूण शोधून सापडत नाही. पहाटे पोट दुखतं म्हणून उठतो, उलटी होते, घरचे म्हणतात ॲसिडिटी असेल, मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, बोलणं घोगरं होतं आणि मग श्वास. या पेशंटची फुप्फुसं एकदम धडधाकट असतात बरं का. बिघडलेलं काय तर नसेकडून स्नायूला जो निरोप जातो तो बंद पडलेला. मण्यारचं विष नसेच्या टोकालाच खराब करतं, त्यामुळे एकदा लकवा पूर्ण बसला की अँटीव्हेनम देऊनही तो लगेच उलटत नाही, ती टोकं पुन्हा तयार व्हायला दिवस लागतात. नागाचं विष वेगळं, ते स्नायूच्या बाजूला जाऊन बसतं म्हणून तिथे निओस्टिग्मिनचं इंजेक्शन बरंच काम करून जातं. मण्यारला मात्र वाट बघायची, आणि ती वाट बघण्यापुरता श्वास मशीनने घ्यायचा. वेळेत आला, मध्ये इन्फेक्शन वगैरे काही झालं नाही तर असा माणूस चालत घरी जातो. म्हणजे जो पेशंट बघून नातेवाईक सगळ्यात जास्त हातपाय गाळतात, हलत नाही, डोळे उघडत नाही, त्याचीच वाचायची आशा कितीतरी वेळा सगळ्यात चांगली असते.

आणि यातली भयंकर गोष्ट अशी की मण्यारच्या पेशंटला बऱ्याचदा सगळं ऐकू येत असतं. मेंदूला काही झालेलंच नसतं. पापणी उचलता येत नाही, बोट हलत नाही, डोळ्यांच्या बाहुल्यासुद्धा मोठ्या होऊन लाईटला हलत नाहीत, आणि बेडशेजारी उभं राहून कोणीतरी काका म्हणतात "आता काही खरं नाही, जमिनीचे कागद कुठं ठेवलेत बघा". बरा झालेला एक मुलगा आम्हाला नंतर सांगत होता कोण काय बोललं ते, नावानिशी. तेव्हापासून आमच्या युनिटमध्ये कोणी बेडजवळ असलं काही बोलायला लागलं की मी सरळ बाहेर काढते, राग आला तर येऊ दे.

दुसरं आपल्याकडचं म्हणजे फवारणीचं औषध. कोणी पिऊन येतं, कोणाला कापसावर फवारताना अंगावर-नाकातोंडात जाऊन होतं. २०१७ साली यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने कितीतरी शेतकरी-शेतमजूर दगावले, पेपरात रोज येत होतं, विसरलो आपण. मोनोक्रोटोफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फेट जातीची कीटकनाशकं असली की तोंडातून फेस, फुप्फुसात पाणीच पाणी, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, आणि मेंदूचं श्वासाचं केंद्रही मंदावतं. ॲट्रोपिन चालू करतो, पॅम देतो, ही दोन्ही त्या विषावरची औषधं, माणूस सुधारतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बोलायला लागतो, घरचे म्हणतात आता वॉर्डात टाका, आयसीयूचं बिल कायले वाढवता. आणि इथेच खरा धोका असतो, कारण साधारण एक ते चार दिवसांच्या मधल्या काळात मान, खांदे आणि श्वासाचे स्नायू पुन्हा ढिले पडू शकतात. याच्यासाठी आमची साधी टेस्ट आहे, उशीवरून मान उचलून दाखवा. नाही उचलली की डॉक्टरांना लगेच फोन. बाकी सगळं छान, हसतोय, बोलतोय पण मान उचलत नाही, असा पेशंट काही तासांत व्हेंटिलेटरवर जाऊ शकतो. मग बाहेर आरडाओरड होते, "काल तं चांगला बोलला, आज मशीन लावली, काहीतरी चुकीचं इंजेक्शन देल्लं". चुकीचं काही नसतं, विषाचा तो दुसरा फेरा असतो.

जीबीएस म्हणजे गिलियन-बारे सिंड्रोम, नसांचा आजार, तोही याच जातीचा, पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये साथ आली तेव्हा सगळ्यांना नाव माहीत झालं. पायाला मुंग्या, मग ताकद जाते, ती वर वर चढत छातीपर्यंत आली तर मशीन. फुप्फुस चांगलं, नसा आजारी. पण यात आठवडे लागू शकतात, कधी महिनेसुद्धा, तेव्हा घरच्यांनी दमानं घ्यावं लागतं, पैशाचंही आणि मनाचंही.

आता याच्या अगदी उलट म्हणजे फुप्फुसच बिघडलंय. जबरदस्त न्यूमोनिया, सेप्सिस म्हणजे अंगभर भिनलेलं इन्फेक्शन, कोविडमध्ये पाहिलंच आपण सगळ्यांनी. एप्रिल २०२१ चं नागपूर ज्याने पाहिलं त्याला वेगळं काय सांगायचं, त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही, लिहायला बसले की पूर्ण पोस्ट तिकडेच जाते. तर अशा फुप्फुसात हवेच्या पिशव्या पाण्याने-सुजेने भरलेल्या असतात आणि मशीनने कितीही ऑक्सिजन दिला तरी रक्तात पोचत नाही. इथे मशीन स्वतःच इजा करू शकते, आणि हे लोकांना कोणी सांगत नाही.

आपण श्वास घेतो तेव्हा डायफ्राम, म्हणजे छाती आणि पोटामधला श्वासाचा स्नायू, खाली सरकतो, छाती पसरते, आतला दाब कमी होतो आणि हवा ओढली जाते. व्हेंटिलेटर उलटं करतो, हवा ढकलतो. ढकललेल्या हवेने फुप्फुस ताणलं जातं आणि छातीतला दाब वाढल्याने हृदयाकडे परत येणारं रक्तही जरा कमी होतं. त्यामुळे मशीनसाठी तोंडातून श्वासनलिकेत नळी टाकल्या टाकल्या बीपी पडतो, त्यात झोपेच्या औषधांचाही हात असतो, आणि बाहेर बातमी जाते की मशीन लावली अन् बीपी गेला. मशीनमुळेच गेला, हे अर्धं खरंही आहे, पण त्याची तयारी असते, सलाईन आणि बीपी वाढवायचं औषध हाताशी ठेवूनच नळी टाकतात.

तर किती हवा ढकलायची यावर मोठं भांडण मिटलं ते २००० साली. त्याआधी भरपूर हवा द्यायची पद्धत होती. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात अशा सुजलेल्या फुप्फुसांच्या पेशंटना एका गटात दर किलोमागे १२ मिली आणि दुसऱ्या गटात फक्त ६ मिली दिली, आणि कमी हवेच्या गटात मृत्यू जवळपास ४० टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. नवीन औषध नाही, नवीन मशीन नाही, नुसता नॉब कमी केला. आणि हे किलो पेशंटच्या वजनाचे धरायचेच नाहीत, उंचीवरून काढायचे, कारण माणूस जाडा झाला म्हणून फुप्फुस मोठं होत नाही. पाच फूट सात इंचाचा पुरुष ६० किलोचा असो की ११० चा, त्याचं हिशोबाचं वजन येतं साधारण ६६ किलो आणि एका श्वासाला हवा साधारण ४०० मिली. म्हणून आम्ही पडलेल्या पेशंटला टेप लावून मोजत असतो तेव्हा नातेवाईक घाबरतात की हे काय माप घेऊन राह्यले बाप्पा. अहो, व्हेंटिलेटरसाठी घेऊन राहिलो.

पालथं झोपवणं हेही असंच. २०१३ मध्ये फ्रेंच डॉक्टरांनी दाखवलं की फार बिघडलेल्या फुप्फुसाच्या पेशंटला दिवसातले सोळाएक तास पालथं ठेवलं तर २८ दिवसांतले मृत्यू ३३ टक्क्यांवरून १६ वर येतात. अर्ध्यावर! करायला लागतात फक्त चार-पाच माणसं, एक जण डोक्याशी नळी घट्ट धरून उभा, आणि सगळ्यांनी एका आवाजात वळवायचं. रात्रपाळीला दोन सिस्टर आणि एक मामा (वॉर्डबॉय) असले तर कसं करणार हे मात्र कोणत्या अभ्यासात छापून येत नाही. कंबर आमची जाते.

हवा ढकलायची ही पद्धत कुठून आली तेही सांगते कारण मला तो किस्सा फार आवडतो. आधी आयर्न लंग असायचं, १९२८ मध्ये बॉस्टनला पहिल्यांदा वापरलं, पेशंटचं डोकं बाहेर आणि बाकी अंग लोखंडी पेटीत, पेटीतला दाब कमी-जास्त करून छाती फुगवायची. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची भयानक साथ आली आणि अख्ख्या ब्लेगडॅम हॉस्पिटलात अशी पेटी एकच होती, बाकी छातीवर बसवायची काही लहान यंत्रं. श्वास गेलेल्या पहिल्या ३१ पेशंटपैकी २७ तीन दिवसांत गेले. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूल देणाऱ्या डॉक्टरने सांगितलं की आम्ही ऑपरेशनमध्ये करतो तसं करा, गळ्याला छिद्र पाडून नळी टाका आणि हाताने फुगा दाबून हवा द्या. बारा वर्षांच्या एका मुलीवर करून दाखवलं, ती वाचली. पण मशीन कुठे होत्या? मग मेडिकलच्या पोरापोरींना बोलावलं, साधारण दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून दिवसरात्र हाताने फुगे दाबले, महिनोनमहिने. पेशंटशी बोलत, त्यांना गोष्टी वाचून दाखवत. त्यातूनच पुढे सगळ्या असल्या पेशंटना एकाच ठिकाणी ठेवायची कल्पना निघाली, म्हणजे आजचं आयसीयू. आज आमच्या क्रॅश कार्टवर, म्हणजे इमर्जन्सीच्या ट्रॉलीवर, लटकलेली हाताने दाबायची अंबू बॅगही डेन्मार्कचीच, १९५६ पासूनची. आणि व्हेंटिलेटर कमी पडले की नातेवाइकाच्याच हातात ती बॅग देऊन "दाबत राहा भाऊ" सांगावं लागलं, हे आपल्या देशातल्या कितीतरी वॉर्डांत झालेलं आहे, त्यांच्या पाळ्या लावायला मात्र कोणी नव्हतं.

बरं, व्हेंटिलेटर म्हणजे दरवेळी नळीच असं नाही. बायपॅप नावाचा प्रकार नळीऐवजी मास्कवर चालतो, विडी-चुलीच्या धुराने फुप्फुस गेलेल्या सीओपीडीच्या म्हाताऱ्यांना तो फार उपयोगाचा, नळी टाळतो. फक्त मास्क घट्ट असतो, नाकावर वळ उठतो, जीव घाबरतो, आणि आजोबा तो ओढून काढतात. त्यांना समजावायला घरचं माणूस शेजारी बसलं तर अर्धं काम होतं. आणि एक विनंती, सीओपीडीच्या पेशंटचं सॅच्युरेशन ९० दिसलं की "ऑक्सिजन वाढवा, ऑक्सिजन वाढवा" असं करू नका. त्यांच्यासाठी ८८ ते ९२ हेच बरोबर आहे, जास्त ऑक्सिजनने आतला कार्बन डायऑक्साइड वाढून ते गुंगीत जातात. कोविडने प्रत्येक घरात ऑक्सिमीटर आणला आणि प्रत्येक जण डॉक्टर झाला. तसं त्या यंत्रामागचं तत्त्व ज्यांनी शोधलं ते जपानचे ताकुओ आओयागी गेले एप्रिल २०२० मध्येच, जगभर लोक मेडिकल स्टोअरसमोर ऑक्सिमीटरसाठी लाईन लावत होते तेव्हा.

आता नळीवाल्या पेशंटकडे येऊ, कारण आत भेटायला जाता तेव्हा जे दिसतं त्याने सगळ्यात जास्त गैरसमज होतात. नळी आवाजाच्या पडद्यांच्या मधून खाली जाते त्यामुळे पेशंट बोलूच शकत नाही. सिरियलमध्ये नळी लावलेली हिरोईन डोळे उघडून "माझं बाळ कुठंय" म्हणते ना, ते शक्य नाही. ओठ हलतात, आवाज नाही. हात का बांधले, "काऊन बांधले सिस्टर, गुन्हेगार हाय का तो", हेही रोजचंच. अर्धवट गुंगीत माणसाचा हात पहिल्यांदा नळीकडेच जातो आणि नळीच्या खालच्या टोकाला असतो तो फुगा फुगलेला असताना नळी ओढली तर पडद्यांना इजा होते, शिवाय श्वास जातो तो वेगळाच. मला स्वतःला बांधणं आवडत नाही, आणि घरचं कोणी हात धरून बसणार असेल तर आम्ही सोडतोही. पण भेटायची वेळ पंधरा मिनिटं आणि बाकी दिवसभर एका सिस्टरकडे दोन-तीन पेशंट, मग काय करणार सांगा.

अलार्म वाजला की धावत येऊ नका. बहुतेक वेळा पेशंट खोकला, नळीत कफ आला, पाईप दुमडला, असलं काहीतरी असतं. आम्ही सक्शन करतो तेव्हा पेशंट कासावीस होतो, डोळ्यांत पाणी येतं, ते बघवत नाही मान्य आहे, पण कफ काढला नाही तर नळी बंद होईल. डोक्याकडची बाजू तीसेक अंश वर ठेवलेली असते, ती प्रेमाने खाली करून उशी सरळ करू नका, पोटातलं वर येऊन फुप्फुसात जातं आणि मशीनचा न्यूमोनिया होतो, ज्याला आम्ही व्हीएपी म्हणतो. चोरून चमच्याने गंगाजल पाजायचं तर नावच काढू नका. ओठाला लावायचं असेल तर मला सांगा, मी कापसाने लावून देते, दिलंय कितीदा.

स्क्रीनवर दहा आकडे नाचत असतात, ते सगळे समजून घ्यायची गरज नाही. एक एफआयओटू बघा, म्हणजे मशीन देते त्या हवेत ऑक्सिजन किती टक्के. २१ म्हणजे तुम्ही-आम्ही घेतो ती हवा, १०० म्हणजे निव्वळ ऑक्सिजन. काल ८० होता, आज ५० आहे, सॅच्युरेशन तेवढंच आहे तर फुप्फुस सुधारून राहिलंय. उलटं असेल तर डॉक्टरांना विचारा. "कालपेक्षा कमी की जास्त" एवढं विचारलं तरी डॉक्टर जरा थांबून नीट सांगतात, हा माझा अनुभव आहे. नुसतं "कसे आहेत" विचारलं की "क्रिटिकल आहे" एवढंच उत्तर मिळतं.

लावण्यापेक्षा काढणं कठीण असतं. पूर्वी पेशंटला दिवसचे दिवस गाढ झोपवून ठेवायचे, शांत दिसायचा, सगळ्यांना बरं वाटायचं. पण मशीन सगळा श्वास घेत राहिली तर डायफ्राम दोन-तीन दिवसांतच बारीक व्हायला लागतो. म्हणून आता सकाळी झोपेचं औषध थांबवून पेशंटला जागं करतात, आणि मूळ आजार आटोक्यात असेल तर मशीनचा आधार अगदी कमी करून अर्धा तास ते दोन तास बघतात, स्वतःचा श्वास स्वतः पेलतो का. श्वास भराभर आणि उथळ व्हायला लागला की परत आधार. नेमका तेव्हा नातेवाईक आत येतो, पेशंट तळमळताना दिसतो आणि भांडण, "काल तं शांत झोपला होता". हो, पण शांत झोपलेला पेशंट घरी जात नाही ना. जागा होऊन, नीट खोकून, डोकं उचलून दाखवतो तो जातो. सगळ्या परीक्षा पास झाल्यावर नळी काढली तरी दहातल्या एखाद-दुसऱ्याला परत टाकावी लागते, ते कोणाचं अपयश समजू नका.

जास्त दिवस लागणार असं दिसलं तर ट्रॅकिओस्टॉमी सुचवतात, म्हणजे गळ्याला छिद्र पाडून तिथून नळी, साधारण आठवडा-दोन आठवड्यांनी. "गळा कापणार" म्हणून सही द्यायला घाबरतात सगळे. माझं विचाराल तर अशा पेशंटमध्ये मला ट्रॅक झालेला पेशंट सांभाळायला कितीतरी बरा वाटतो, तोंड मोकळं होतं, झोपेचं औषध कमी लागतं, खुर्चीत बसवता येतं, मशीन दिवसा काढून रात्री लावता येते. गरज संपली की नळी काढतात आणि ते छिद्र बहुतेकांचं आपोआप बुजतं.

आता तो दबक्या आवाजातला प्रश्न. मेलेल्याला मशीनवर ठेवता येतं का? हृदय थांबलं की व्हेंटिलेटर नुसती हवा भरत राहील, छाती वरखाली दिसेल, पण रक्त फिरणार नाही, शरीर थंड पडेल, लघवीची पिशवी रिकामी राहील, मॉनिटरवर रेघ सरळ. व्हेंटिलेटर हृदय चालवत नाही. हात लावून बघा, गरम आहे का, लघवी भरते आहे का. ब्रेनडेथ वेगळी, तिथे मेंदू कायमचा बंद आणि हृदय मात्र मशीनच्या ऑक्सिजनवर काही काळ चालू असतं. ती ठरवायला १९९४ चा अवयव प्रत्यारोपणाचा कायदा आहे, चार डॉक्टरांचं पॅनेल, सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी, त्यात ॲप्निया टेस्ट म्हणजे ऑक्सिजन चालू ठेवून मशीन बाजूला करायची आणि कार्बन डायऑक्साइड वाढूनही एकही श्वास येतो का बघायचं. आणि साप चावलेला असेल, औषध पिलेलं असेल, झोपेच्या औषधाचा अंमल असेल तर आधी ते बाजूला सारल्याशिवाय ही टेस्ट करायचीच नाही, वर मण्यारचं सांगितलं ना, त्यासाठीच. नागपुरात अवयवदान होतं, अवयव लवकर पोचावा म्हणून ग्रीन कॉरिडॉरसाठी रस्ते मोकळे होतात, ते याच पेशंटांच्या घरच्यांमुळे.

पण संशय येतो त्याला हॉस्पिटलंही जबाबदार आहेत, हे मी आतली असून म्हणते. कॅन्सर सगळीकडे पसरलेला, नव्वदीचे आजोबा, अंथरुणावर वर्षभर, आणि कोणी घरच्यांना धड बसवून सांगतच नाही की मशीन लावली तर पुढे काय, काढता येईल का. रात्री दोन वाजता दाराशी उभं करून सही घेतात. मग बारा-पंधरा दिवसांनी पैसे संपतात आणि "आम्ही घेऊन जातो" म्हणून सही, आणि पेशंट गाडीत अंबू बॅग दाबत गावाकडे, कितीदा रस्त्यातच. हे मी पाहिलंय आणि याचा मला फार राग येतो, कारण याला दुसरा रस्ता आहे. सुप्रीम कोर्टाने ९ मार्च २०१८ ला सांगितलंय की बरं व्हायची शक्यता नसलेल्या माणसाचा नुसता जीव लांबवणारा उपचार थांबवता येतो, आधीच लिहून ठेवता येतं, आणि जानेवारी २०२३ मध्ये ती पद्धत सोपी केली, नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसरसमोर कागद करता येतो, हॉस्पिटलात डॉक्टरांची दोन बोर्डं बघतात. उपचार थांबवणं म्हणजे पेशंटला टाकून देणं नाही, दुखणं, दम लागणं यावर औषध चालूच राहतं. घरात आजी-आजोबा असतील तर एकदा चहा पिता पिता विचारून ठेवा त्यांना काय पाहिजे ते. आमच्या आईने स्पष्ट सांगितलंय, "माह्या तोंडात पाईप घालू नको, अन् घातलाच तर दोन दिवसांनी काढजो". ठीक आहे, म्हटलं लिहून दे, तर म्हणते तुले सांगितलं ना.

खर्चाचं एकच सांगते, जन आरोग्य योजनेचा आरोग्यमित्र हॉस्पिटलात बसतो, आधी त्याला गाठा, आधार-रेशन कार्ड पहिल्याच दिवशी आणून ठेवा, डिस्चार्जच्या दिवशी नाही. आणि लांबून आणत असाल तर १०८ ला फोन करताना सांगा की पेशंटला श्वास घेता येत नाही, कारण व्हेंटिलेटर सगळ्या अँब्युलन्समध्ये नसतो.

सोबत काय आणायचं ते पण लिहून टाकते. चालू गोळ्यांची पाकिटं. चष्मा आणि कानाची मशीन, कारण जागा झालेला पेशंट दिसत नाही-ऐकू येत नाही म्हणून अजून भ्रमिष्ट होतो. कवळी काढून घरी ठेवा. विडी-दारू किती, हे खरं सांगा, आम्ही कोणाला सांगत नाही. औषध पिलं असेल तर बाटली आणा, लेबलसकट, धुवून नाही. आणि साप आणू नका बाप्पा! मारलेला पण नको. कोणी पोत्यात घालून आणतो, आणि ते पोतं कॅज्युअल्टीत टेबलावर ठेवतो, आणि मेलाय म्हणतो तो प्रत्येक वेळी मेलेला नसतो. आपल्याकडचं अँटीव्हेनम नाग, मण्यार, घोणस, फुरसं चौघांवर एकच असतं, सापाचं नाव कळलं नाही तरी डॉक्टर लक्षणं बघून ते चालू करतात. लांबून मोबाईलवर फोटो मिळाला तर ठीक, नाही मिळाला तर तो शोधत बसू नका, गाडी काढा.